आकडी घरी येते, ओपीडीत नाही

इंग्लंडमधील टनब्रिजचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिले. आपल्या तान्ह्या मुलाचे डोके एकाएकी गुडघ्यांकडे झुकते, लगेच वर येते आणि असे लागोपाठ कितीतरी वेळा होते, याचे त्यांनी इतके काटेकोर वर्णन केले, की त्या आजाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. वेस्ट सिंड्रोमचे हे झटके बहुधा पहिल्या वर्षात सुरू होतात आणि विशेषतः बाळ झोपेतून उठल्यावर येतात. आपल्याकडे ‘दचकतंय’ किंवा ‘पोटात मुरडा आला असेल’ असे म्हणून बाळाला ग्राइप वॉटर पाजले जाते आणि त्यात आठवडे निघून जातात. स्टिरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन या आकडीवरच्या औषधाचे उपचार जितके लांबतात, तितका बाळाची वाढ मागे पडण्याचा धोका वाढतो.

वेस्ट यांना झटका पाहता आला, कारण ते डॉक्टरही होते आणि त्याच घरात राहणारे वडीलही. एरवी आकडी घरी येते आणि ओपीडीत पोहोचेपर्यंत मूल हसतखेळत असते. म्हणूनच मुलांच्या मेंदूविकारांत व्हिडिओ कॉलवरचा दूरस्थ सल्ला ही केवळ प्रवास वाचवणारी सोय ठरत नाही; जे तपासणीच्या खोलीत कधीच दिसले नसते, ते डॉक्टरांना त्यातून दिसू शकते. मोबाइलवरचे चित्रण मात्र नीट हवे: दुलई बाजूला केलेली, उजेड पुरेसा, चेहरा आणि चारही हातपाय चौकटीत, मध्येच मुलाला नावाने हाक मारलेली आणि झटका थांबेपर्यंत चित्रण न तोडलेले. अर्थात आधी मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर फोन ठेवून रुग्णालय गाठायचे.

काही तपासण्या पडद्यावरही होतात. वर्गात मध्येच हरवल्यासारखी होणारी आठ वर्षांची मुलगी घ्या. डॉक्टर तिला कॅमेऱ्यासमोर बसवून कागदी भिरभिरे तीन मिनिटे जोरजोरात फुंकायला सांगतात. अॅब्सेन्स प्रकारची फिट असेल, तर पुष्कळदा मध्येच फुंकर थांबते, नजर खिळते, पापण्या किंचित फडफडतात आणि काही सेकंदांनी, जणू काही घडलेच नाही अशी, ती पुन्हा फुंकू लागते. मात्र ही युक्ती घरच्यांनी आपल्या मनाने करू नये. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांत असा जलद श्वास मेंदूचा रक्तपुरवठा कमी करू शकतो, आणि तो आजार जिथे जास्त आढळतो त्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या डॉक्टरांना तर ‘मुलाला सिकलसेल आहे का?’ हे आधी विचारावेच लागते. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येणारा मुलगाही पडद्यावर स्पष्ट दिसतो. ती स्नायूंच्या दुर्बलतेची खूण असते.

पण स्नायूंचा ताठरपणा किंवा ढिलेपणा हातालाच कळतो. गुडघ्यावरची हातोडी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी यांनाही पर्याय नाही. डोकेदुखीसोबत सकाळी उलट्या होत असतील किंवा चाल बिघडली असेल, तर व्हिडिओवर समाधान मानणे धोक्याचे आहे. माझ्या मते पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष व्हावी आणि औषध बसल्यानंतरच्या भेटी प्रत्यक्ष आणि व्हिडिओवर अशा आलटून पालटून व्हाव्यात.

भारतात मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि पुढच्याच महिन्यात ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेवर घरबसल्या ओपीडी सुरू झाली. अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती असणे आणि तिची ओळख पटणे ही त्या तत्त्वांतली अट आहे. हे प्रौढ बहुधा आईवडील असतात, पण मूल दिवसभर आजीकडे असेल, तर तिलाही कॅमेऱ्यासमोर बसवावे. झटका सुरू होण्याच्या क्षणी उजवा हात आधी वळला की डावा, हे तिनेच पाहिलेले असते.

आणि वजन विसरू नये. फिटच्या औषधांची मात्रा मुलाच्या किलोंवर ठरते. मागच्या भेटीत ९ किलोचे असलेले बाळ आता १२ किलोचे झाले असेल, तर तीच मात्रा अपुरी पडून झटके परत येऊ शकतात, आणि पडद्यावर बाळ नुसते गुटगुटीत दिसते. त्यामुळे व्हिडिओ कॉलच्या आदल्या दिवशी अंगणवाडीतल्या काट्यावर वजन करून आकडा कागदावर लिहून ठेवावा.