सिंधूचे लुगडे : ‘एकच प्याला’च्या वेशभूषेची पार्श्वभूमी

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि महिनाही उलटायच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने त्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात केला. दारूपायी बुडणारा सुधाकर गणपतराव बोडस, त्याची बायको सिंधू बालगंधर्व. बडोद्यातली हौशी मंडळी आजही हे नाटक बसवायला घेतात तेव्हा पहिली अडचण संगीताची नसते, सिंधूच्या चौथ्या-पाचव्या अंकातल्या लुगड्याची असते.

बालगंधर्वांची, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंसांची (१८८८–१९६७), कीर्ती त्या वेळी उंची वस्त्रांशी जोडलेली होती. १९११ च्या ‘मानापमान’मधली भामिनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी या दोन्ही भूमिकांत शालू-दागिन्यांना भरपूर वाव होता. शिवाय सयाजीराव गायकवाडांचा आश्रय मंडळीला होता, आणि बडोद्याच्या प्रेक्षकाची नजर राजा रविवर्म्याने घडवलेली होती. १८८८ मध्ये महाराजांनी त्याला चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले होते. त्या चित्रांतल्या नऊवारीचा घोळ, पदराची पडण आणि काठाची लकाकी रंगभूमीवर उतरली. अशा प्रेक्षकासमोर, अशा नटाने, दळण दळून पोट भरणारी बाई उभी करायची होती.

सिंधू गरीब होते, गबाळी होत नाही. भावाची मदत नाकारणारी ही बाई फाटलेले लुगडे तसेच नेसणार नाही, रात्री बसून शिवेल. त्यामुळे ठिगळ दिसले पाहिजे, पण टाका बारीक आणि सरळ हवा. बहुतेक प्रयोगांत इथेच फसते. पाच-सहा रंगांचे चौकोन बाहेरून चिकटवले की सोंग वाटते, आणि ‘चंद्र चवथिचा’ हे पद सुरू होईपर्यंत प्रेक्षक कपड्याकडेच बघत राहतो.

या भूमिकेला किमान तीन लुगडी लागतात. सुरुवातीला जरीकाठी रेशमी, मध्ये वापरातले साधे सुती, शेवटी ठिगळांचे. दुसरे आणि तिसरे एकाच रंगाचे व एकाच काठाचे घ्यावे, म्हणजे तेच लुगडे विरत गेले हे न सांगता कळते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. यात काटकसर करून सहावारी वापरली तर कासोटा घालून जात्यावर बसताच येत नाही.

लुगडे विरते ते ठरावीक जागी: बसण्याच्या भागावर, गुडघ्यापाशी, टाचेला घासणाऱ्या खालच्या काठाला आणि खांद्यावरच्या पदराला. ठिगळे तिथेच हवीत. चार ते सहा पुरेत, प्रत्येक चार-पाच इंचांचे, कडा अर्धा इंच आत दुमडून. घरात लावतात तसे ठिगळ आतून ठेवावे आणि फाटलेली कड वरून मुडपून शिवावी. कापड त्याच रंगाचे, पण एक छटा गडद. फिके ठिगळ दिव्याखाली पांढरे चमकते. एका जागी दंड घातला, म्हणजे मधला विरलेला भाग कापून दोन चांगले तुकडे जोडले, तर जुन्या घरात वाढलेल्या प्रेक्षकाला तो लगेच ओळखू येतो. चार ठिगळांपेक्षा तो एक दंड जास्त बोलतो.

नव्या सुती लुगड्याची चकाकी घालवायला आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढावी. साधारण ७०० ग्रॅमच्या लुगड्याला १०० ग्रॅम चहाची पूड तीन लिटर पाण्यात उकळून, गाळून, आठ-दहा लिटर कोमट पाण्यात मिसळावी. लुगडे आधी ओले करून मगच बुडवावे आणि वीस मिनिटे सतत हलवावे, नाहीतर डाग पडतात. काळपट छटेसाठी हिराकस (लोहाचा क्षार) घालायचा मोह टाळावा. लोह आणि चहातले टॅनिन एकत्र आले की धागा हळूहळू कुजतो, आणि पुढच्या हंगामात लुगडे नेसतानाच फाटते.

नेसताना गाठ बेंबीच्या खाली बांधावी. पोटावर आवळली की श्वास वर अडकतो आणि ‘कशि या त्यजू पदाला’सारखे पद निभत नाही. कासोटा वीतभर सैल हवा, कारण एक पाय लांब करून दळायला बसायचे असते. पिन काठातून घालावी. विरलेल्या अंगातून घातली तर खरेच फाटते, आणि तेही नको तिथे.

जुन्या घरांत ‘गंधर्वांच्या काळातला शालू’ म्हणून जपलेली वस्त्रे निघतात. आधी जर पाहावी. खरी जर म्हणजे सुताभोवती किंवा रेशमाभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, ती काळवंडते. प्लास्टिकची चकचकीत जर दुसऱ्या महायुद्धानंतरची, म्हणून १९१९ च्या वस्त्रात ती मूळची असूच शकत नाही. शिवणीत नायलॉनचा दोरा दिसला तर ती दुरुस्ती नंतरची, पण तेवढ्यावरून वस्त्र खोटे ठरत नाही. कमरेपाशी घामाने विरलेले रेशीम आणि पिनांच्या गंजाचे डाग हे वापराचे पुरावे आहेत, ते धुऊन काढू नयेत. असे वस्त्र घडी घालून ठेवले की घडीवरच चिरते. तीन-चार इंच व्यासाच्या नळीवर आधी धुतलेला मांजरपाट (जाडेभरडे सुती कापड) गुंडाळावा, मग जरीची बाजू बाहेर ठेवून शालू, आणि वरून पुन्हा मांजरपाट. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत, इस्त्री तर अजिबात नको.