काळ्या द्राक्षाचा रस पांढरा, मग रेड वाईन लाल कशी?

ग्रुपवर एक जुनाच फॉरवर्ड फिरतोय, काळ्या द्राक्षाचा रस तर पांढराच निघतो, म्हणजे रेड वाईनमध्ये वरून रंग घालतात. पहिला अर्धा भाग एकदम बरोबर आहे, बरं का. शंका येणं साहजिकच.

पण रंग असतो सालीत. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजकडची शरद ही काळ्या द्राक्षाची जात घ्या, साल सोलून गर पांढऱ्या बशीत दाबा, रस जवळपास पाण्यासारखा. आता त्याच रसात साली चुरगाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी बघा की, गुलाबी झालेला असतो. वाईनवाले हेच करतात, फक्त साली रसासोबतच आंबवतात, कित्येक दिवस, आणि तयार होणारं अल्कोहोल सालीतला रंग अजून ओढून घेतं.

वाईनच्या द्राक्षाची शिराझ ही जात घ्या, मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, ऑस्ट्रेलियात आणि आपल्या नाशिककडं पण लावतात, सालीत रंग भरपूर म्हणून वाईन गडद, चवीला काळ्या मिरीची झाक. पिनो न्वार या दुसऱ्या काळ्या जातीची साल पातळ, तिची वाईन फिकी, म्हणजे फिकी दिसली की पाणी घातलं असंही नाही. आणि याच पिनो न्वारचा रस साली लगेच बाजूला काढून पांढऱ्या शॅम्पेनमध्ये वापरतात.

अपवाद आहेत, आलिकांत बूशे जातीचा गरच लाल असतो.