गेम बॅलन्स करताना ऐकायचं कोणाचं? या वादाची पार्श्वभूमी

पात्रांची ताकद कमी-जास्त करून गेममधला तोल साधणारा नवा पॅच, म्हणजे अपडेट, आला की दोन तक्रारी हमखास येतात. वरच्या रँकचे खेळाडू म्हणतात, खालच्यांना खेळता येत नाही म्हणून आमचा गेम बिघडवला. खालच्या रँकचे म्हणतात, स्पर्धा खेळणाऱ्या मूठभर लोकांसाठी आमचं कॅरेक्टर कमजोर करून टाकलं. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही आपापल्या मॅचबद्दल खरंच बोलत असतात.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. 'स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉर'च्या युनिट्सचे, म्हणजे सैन्यातल्या तुकड्यांचे, ताकदीचे आकडे बदलणारा शेवटचा पॅच २००१ मध्ये आला. त्यानंतर कोरियातल्या लीग नकाशे बदलून तिन्ही रेसमधला, म्हणजे खेळाडू निवडतो त्या तीन सैन्यांमधला, तोल सांभाळत राहिल्या. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं दुखणं वेगळं होतं. एकच क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, गेमने चालवलेल्या बॉसशीही लढायचा आणि दुसऱ्या खेळाडूशीही, त्यामुळे एका बाजूची तक्रार मिटवली की दुसरीकडे नवी उभी राहायची. पण 'कोणाचं ऐकायचं' हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो 'लीग ऑफ लेजंड्स' आणि 'डोटा २' या पाच विरुद्ध पाच खेळल्या जाणाऱ्या गेम्समुळे. लाखो लोक घरी बसून खेळतात आणि तोच गेम स्टेजवर व्यावसायिक संघही खेळतात, ही परिस्थिती तिथे कायमची झाली.

अझीरचं उदाहरण घ्या. 'लीग ऑफ लेजंड्स'मधला हा चॅम्पियन, म्हणजे खेळाडू निवडतो ते पात्र, २०१४ चा. वाळूचे सैनिक उभे करून तो लांबून मारतो. सैनिक कुठे उभे करायचे, कधी पुढे ढकलायचे, हे क्षणात ठरवावं लागतं आणि त्याची खरी ताकद गेम लांबल्यावर दिसते. व्यावसायिक संघात पाच जण सतत बोलत असतात. अझीरला वेळ मिळवून द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून तिथे तो पुन्हा पुन्हा निवडला जातो. अनोळखी पाच जणांच्या रँक्ड मॅचमध्ये तो वेळ कोणी मिळवून देत नाही, आणि त्याचा विन रेट, म्हणजे जिंकण्याचं प्रमाण, अनेकदा पन्नास टक्क्यांच्या खाली रेंगाळतो. 'डोटा'तला अदृश्य होणारा रिकी बरोबर उलटा. खालच्या रँकमध्ये त्याला उघडं पाडणारी साधनं कोणी वेळेवर विकत घेत नाही, त्यामुळे तो तिथे छळतो. वर गेलं की ती साधनं लगेच येतात आणि त्याची जादू ओसरते.

अशा चॅम्पियनचं काय करायचं, याचं लेखी उत्तर 'लीग'च्या डेव्हलपरनी २०१९ मध्ये जाहीर केलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. खेळाडूंचे चार गट केले: सर्वसामान्य, वरचे १० टक्के, अगदी वरचे ०.१ टक्के आणि व्यावसायिक. नियम असा की चॅम्पियन कोणत्याही एका गटात डोईजड ठरला तर तो नर्फ होणार, म्हणजे त्याची ताकद कमी होणार. बफ, म्हणजे ताकदीत वाढ, मात्र तो चारही गटांत कमजोर ठरला तरच.

वाद पेटला तो या दुसऱ्या अटीवरून. अझीर सर्वसामान्य गटात कितीही हरला तरी स्टेजवर चालतोय तोवर त्याला बफ नाही. म्हणजे काही शे लोकांच्या हातात लाखोंवर नकाराधिकार आला. समर्थकांचा युक्तिवाद असा की एखाद्याचा आवडता चॅम्पियन कमजोर राहिला तर त्रास त्याला होतो, पण डोईजड चॅम्पियन मोकळा सुटला तर त्याच्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाला होतो. हा हिशोब मला पटतो. तरी वर्षानुवर्षं अझीरच खेळणाऱ्या साध्या खेळाडूला तो कोणी नीट समजावून सांगितला असं वाटत नाही. त्याच्या दृष्टीने त्याचं कोणी ऐकलंच नाही.

या नियमातला दुसरा भाग मात्र चर्चेत मागे पडला. सर्वसामान्य गटासाठी नुसता विन रेट पाहायचा नाही, बॅन रेटही, म्हणजे मॅचआधी खेळाडू त्याला किती वेळा मॅचमधून वगळतात तेही, धरायचा, असं ठरलं. चॅम्पियन जितका जास्त बॅन होईल तितक्या कमी विन रेटला तो डोईजड मानायचा. २०१७ पासून रँक्डमध्ये दहाही खेळाडूंना एकेक बॅन आहे. एक बॅन वापरला की दुसरा मिळत नाही, त्यामुळे माणूस तो जपून वापरतो. तक्रार कधीही न लिहिणारा खेळाडूसुद्धा प्रत्येक मॅचच्या आधी 'हा मला समोर नको' एवढं सांगून जातो. ज्यांना बोलायला वेळ आहे त्यांचंच ऐकलं जातं, या जुन्या दुखण्यावर इतका सरळ उपाय मी दुसरा पाहिलेला नाही.

बाकीच्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. 'ओव्हरवॉच'मध्ये २०१६ मध्येच टोर्बयॉर्न या हीरोच्या टरेटचं, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणाऱ्या तोफेचं, डॅमेज फक्त कन्सोलवर ३० टक्क्यांनी कमी केलं, कारण कंट्रोलरने नेम धरणाऱ्यांना तो जड जात होता. 'डोटा २'मध्ये नवा हीरो काही काळ स्पर्धेच्या कॅप्टन्स मोडबाहेर ठेवतात, म्हणजे घरी खेळणारे खेळतात आणि स्टेज सुरक्षित राहतं. उलट २०१९ मध्ये 'ओव्हरवॉच'ने दोन टँक (मार झेलणारे), दोन डॅमेज (मारा करणारे), दोन सपोर्ट (साथीदारांना मदत करणारे) ही रचना सर्वांवर बांधली. व्यावसायिक लीगमध्ये तीन टँक, तीन सपोर्टची रचना सोडायला कोणी तयार नव्हतं. संघात चार-चार जण डॅमेजच घेतात म्हणून वैतागलेल्या साध्या खेळाडूंनाही हा बदल हवा होता, हे खरं. पण डॅमेज खेळणाऱ्यांच्या वाट्याला त्यानंतर लांबलचक रांगा आल्या.

थेट मतदानाचा प्रयोगही झाला. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये २००८ पासून खेळाडू आपले प्रतिनिधी निवडतात. खेळाडूंच्या मोठ्या युती एकगठ्ठा मतं देतात, म्हणून सुटं खेळणाऱ्यांचा आवाज तिथे दबतो असा आक्षेप सतत घेतला जातो. 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मध्ये नव्या गोष्टी खेळाडूंच्या मतदानाला टाकतात. मंजुरीची अट आधी ७५ टक्के होती, ती २०२२ मध्ये ७० वर आली. तिथे खेळाडूंमधल्या लढाईचे प्रस्ताव अनेकदा पडतात, आणि त्यांच्याविरुद्ध मत देणाऱ्यांत ती लढाई कधीच न खेळणारे बरेच असतात अशी ती लढाई खेळणाऱ्यांची तक्रार आहे. गेमची घडी विस्कटू नये म्हणून लागणारे बदल मतदानाशिवाय करायचा अधिकार डेव्हलपरनी स्वतःकडे ठेवलाय. अतिशय ताकदवान शस्त्राची ताकद कमी करायची असेल तर ते शस्त्र बाळगणाऱ्या खेळाडूंनाच विचारून होणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे भांडण आता एखादा बदल या सवलतीत बसतो की नाही, यावर येऊन थांबलंय.