परातीतली झुंज: बेब्लेडचे सुटे भाग नेमके काय करतात?

उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीच्या आमच्या घरी दुपारभर एकच आवाज घुमत असतो, तो म्हणजे पितळी परातीत दोन बेब्लेड, म्हणजे झुंजवायचे खेळण्यातले भोवरे, एकमेकांवर आदळल्याचा. भाच्याचे असेच एक बेब्लेड मी एकदा ओसरीवर बसून उघडले, तेव्हा त्याचे तीन सुटे भाग शहाबादी फरशीवर ओळीने मांडता आले. आमच्या लहानपणीचा भोवरा बाभळीच्या लाकडाचा, खाली लोखंडी आर ठोकलेला आणि अखंड असे; तो नीट फिरला नाही, तर आर दगडावर घासण्यापलीकडे आमच्या हातात काही नसे.

जपानमधल्या मुलांचीही गत वेगळी नव्हती. तिथे बेगोमा नावाचे छोटे भोवरे टबावर ताणलेल्या कापडावर फिरवून झुंजवत असत आणि जिंकण्यासाठी ते लोखंडी भोवरे घासून बुटके करीत. याच खेळातून १९९९ मध्ये टाकारा कंपनीचे बेब्लेड आले. घासून कायमचा बदल करण्याऐवजी भागच बदलावा, ही त्यातली खरी नवी गोष्ट होती. २०२३ मध्ये आलेल्या ‘बेब्लेड एक्स’ या पिढीत वरचे ब्लेड, मधले रॅचेट आणि खालचे बिट असे तीन भाग असतात.

ब्लेड सर्वांत जड असते आणि त्यात धातूचा वापर मुख्यतः काठाकडे केलेला असतो. यामागचे कारण कुंभाराच्या चाकाकडे पाहिले की समजते. जुने चाक काठाला मुद्दाम जड केलेले असते, म्हणून एकदा काठीने जोरात फिरवले की हात मातीवर असतानाही ते बराच वेळ फिरत राहते. फिरणाऱ्या वस्तूत वजन किती आहे याइतकेच ते अक्षापासून किती दूर आहे हेही मोलाचे असते. अंतर दुप्पट झाले, तर तेवढ्याच वजनाचा परिणाम चौपट होतो. याला जडत्व आघूर्ण म्हणतात. सारख्या वजनाची आणि सारख्या व्यासाची एक भरीव चकती व एक पातळ कडी घेतली, तर कडीचे जडत्व आघूर्ण चकतीच्या दुप्पट भरते. मात्र हे फुकट मिळत नाही. ऊर्जा आपल्या हाताच्या झटक्यातूनच येते, त्यामुळे तेवढ्याच झटक्याने काठाला जड असलेले ब्लेड कमी वेगाने निघते. पण निघाल्यावर तो वेग सहजासहजी सोडत नाही.

रॅचेटवर ३-६० किंवा ५-८० असे आकडे असतात. पहिला आकडा बाजूने बाहेर आलेल्या उंचवट्यांची संख्या सांगतो, तर दुसरा उंची सांगतो. ६० म्हणजे ६ मिलिमीटर. उंची कमी असेल, तर गुरुत्वमध्य खाली येतो आणि बेब्लेड सहसा कलंडत नाही, पण थोडे कलले तरी ब्लेडचा काठ लवकर जमिनीला टेकतो. उंचवट्यांवर वर्मी घाव बसत गेले, की रॅचेट ब्लेडपासून सुटते आणि बेब्लेडचे तुकडे होतात. खेळात प्रतिस्पर्ध्याचे बेब्लेड असे फोडण्याचे २ गुण मिळतात, तर त्याच्यापेक्षा जास्त वेळ फिरत राहण्याचा १.

माझ्या मते सर्वांत विलक्षण भाग सर्वांत हलका, म्हणजे बिट. आम्ही तेच ब्लेड आणि तेच रॅचेट ठेवून फक्त बिट बदलून पाहिले. सपाट बुडाचे बिट लावले, तेव्हा बेब्लेडने परातीच्या काठाकाठाने धाव घेतली आणि ते लवकर थकले. गोल बुडाचे लावले, तेव्हा ते मध्यभागी उतरून, जागच्या जागी उभे असल्यासारखे, कितीतरी जास्त वेळ फिरले. सपाट बूड किंचित कलले, की त्याची कड जमिनीला टेकते आणि ही कड चाकासारखी चालू लागते, म्हणून धाव मिळते. परंतु स्पर्शाची जागा अक्षापासून दूर असल्याने घर्षण फिरकी झपाट्याने खाते. गोल बुडाचा स्पर्श अक्षाजवळच होतो, त्यामुळे घर्षण असूनही ते फिरकीला फारसे अडवू शकत नाही. आर दगडावर घासताना आम्ही नकळत हेच अंतर कमी करीत होतो.

एक्सच्या मैदानात काठाला दातेरी पट्टी असते आणि बिटलाही दाते असतात. दाते एकमेकांत अडकताच फिरकीचा काही भाग धावेत बदलतो आणि बेब्लेड पट्टीवरून सुसाट निघते. आमच्या परातीत ही सोय नाही, त्यामुळे तिथे धावण्याचा भार सपाट बिटवरच पडतो.

आणखी एक गंमत दिशेची. काही ब्लेड डावीकडे फिरणारी असतात. दोन्ही बेब्लेड एकाच दिशेने फिरत असतील, तर ती जिथे भिडतात तिथे त्यांचे काठ एकमेकांविरुद्ध धावतात आणि घाव जोराचा बसतो. दिशा उलट असतील, तर भिडण्याच्या जागी दोन्ही काठ एकाच बाजूला जातात, जसे एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चक्रांचे होते. मग वेगवान बेब्लेडची फिरकी घर्षणातून मंद बेब्लेडकडे जाऊ लागते. म्हणूनच अशा झुंजीत डोलू लागलेले, आता पडणार असे वाटणारे बेब्लेड दुसऱ्याला नुसते टेकते आणि पुन्हा सावरून उभे राहते.