अडेल खनिजातलं सोनं आणि सोमल

सोनारांच्या दुकानातला केर नेऊन झारेकरी तो पाण्यात धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. म्हणून आपल्या बेळगावकडे अनेकांना वाटतं, खाणीतलं सोनंही असंच धुऊन निघत असेल. काही ठिकाणी निघतं. पण अडेल, म्हणजे सहजी सोनं न सोडणाऱ्या खनिजात ते आर्सेनोपायराइटच्या स्फटिकात अणूअणूनं मुरलेलं असतं. कुंदा कितीही चुरा, त्यातली साखर वेचता येत नाही, तसं. सोनं विरघळवणारं सायनाइडचं पाणी तिथवर पोचतच नाही.

आर्सेनोपायराइट म्हणजे लोखंड, गंधक आणि आर्सेनिक. हातोडा मारला की लसणासारखा वास येतो. सोनं मोकळं करायला पूर्वी ते सरळ भाजत. धूर थंड झाला की पांढरी भुकटी जमे, तोच सोमल, आर्सेनिकचं विष. कॅनडातल्या यलोनाइफच्या जायंट खाणीखाली अशी २,३७,००० टन भुकटी साठलेली आहे. ती पाण्यात विरघळते, म्हणून भोवतालचा खडक गोठवून तिला कोंडून ठेवायचं ठरलं.

इतकं लांब कशाला, यादगीर जिल्ह्यात मंगळूरच्या जुन्या सोन्याच्या खाणीजवळ किरदळ्ळी तांडा आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं, लोकांच्या कातडीवर त्याच्या खुणा दिसल्या. तळहातावर अशा गाठी आल्या की अंगारा लावू नका, बोअरचं पाणी तपासून घ्या.

मला भुरळ पडली आहे ती जिवाणूंकडून स्फटिक फोडून घेण्याच्या रीतीची. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून ती वापरात आहे. सुमारे चाळीस अंशांच्या आंबट पाण्यात हे जिवाणू फेरस लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि त्यावर जगतात. उरलेलं फेरिक लोखंड इलेक्ट्रॉनसाठी स्फटिकावर तुटून पडतं, पुन्हा फेरस होतं, जिवाणू त्याला पुन्हा फेरिक करतात. हे रहाटगाडगं फिरत राहतं, स्फटिक पोखरला जातो आणि सोनं उघडं पडतं. सुटलेलं आर्सेनिक आधी त्रिसंयुजी (तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं) असतं, जास्त विषारी; ते पंचसंयुजी (पाच गमावलेलं) झालं की फेरिकशी जुळतं. मग चुनखडी टाकून आंबटपणा उतरवला की दोन्ही मिळून गाळ होऊन खाली बसतात. आर्सेनिकच्या एका अणूमागे लोखंडाचे किमान तीन अणू असले तर हा गाळ टिकाऊ होतो. खनिजात लोखंड कमी असेल, तर ते वरून घालावं लागतं.

त्या गाळावर मात्र नजर ठेवावी लागते. कुजणाऱ्या चिखलाखाली प्राणवायू संपला की तिथले वेगळे जिवाणू फेरिकचं पुन्हा फेरस करतात, आणि बांधलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं.