नागपूरच्या उजेडातला राखाडी

दिवाळीच्या तोंडावर सीताबर्डी किंवा इतवारीतल्या रंगाच्या दुकानात थोडा वेळ थांबलं, तर एक वाद हमखास कानावर पडतो. घरमालक शेडकार्ड पुढे करून म्हणत असतो, "कार्डावर तर असा नोता ना जी!" आणि दुकानदार डब्यावर चिकटवलेला कोड दाखवत असतो. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. लाल-हिरव्या रंगावरून असं भांडण क्वचितच होतं. राखाडीवरून, त्यातही सध्या चलती असलेल्या वॉर्म ग्रेवरून, ते जवळपास ठरलेलं.

डब्यात काय असतं ते आधी पाहू. पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे साधारण पाव मायक्रॉन आकाराचे कण असतात. ते प्रकाश जोरदार विखुरतात, म्हणून रंग खालची भिंत झाकतो. या पांढऱ्यात नुसती काजळी घातली की येणारा राखाडी निळसर दिसतो. तो निळा मारण्यासाठी टिंटिंग मशीन पिवळा आणि लाल आयर्न ऑक्साइड सोडतं, म्हणजे रामरज आणि गेरूमधलीच रंगद्रव्यं, कारखान्यात केलेली. वॉर्म ग्रे म्हणतात तो हा. यात पिवळ्या-लालाची मात्रा फार थोडी असते आणि अडचणीचं मूळ तिथेच आहे. गडद लाल भिंतीवर थोडा निळसर उजेड पडला तरी ती लालच राहते. राखाडी मात्र उंबरठ्यावर उभा असतो. उजेड जरासा हलला की तो कधी मातकट, कधी गुलाबी, तर कधी थेट सिमेंटसारखा दिसतो.

आता भिंतीवरचा उजेड. समजा, तुम्ही निवडलेली छटा लाल प्रकाशाचा ६० टक्के आणि निळ्याचा ५० टक्के भाग परत पाठवते. दोघांचं गुणोत्तर १.२. कार्डावरचा तुकडा प्रकाश एकदाच परतवतो, म्हणून फरक जेमतेम जाणवतो. खोलीत चारही भिंती त्याच रंगाच्या असतात. एका भिंतीवरून निघालेला प्रकाश दुसरीवर आपटतो, तिथून तिसरीवर. दोन उड्यांनंतर गुणोत्तर १.४४, तीन उड्यांनंतर १.७३. डोळ्यात येणाऱ्या प्रकाशात सरळ आलेलाही असतो, त्यामुळे परिणाम इतका टोकाचा होत नाही. पण कोपऱ्यात रंग जास्त "चढलेला" दिसतो तो यामुळेच. कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी कमी रंगीत छटा घ्या, या अनुभवी रंगाऱ्यांच्या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

उड्यांच्या या खेळात जमीनही भिडू असते. नागपूरच्या जुन्या घरांत कोटा फरशी सर्रास दिसते. खिडकीतून आलेलं ऊन आधी त्या हिरवट फरशीवर पडतं आणि मग भिंतीवर जातं. दारात कडुनिंब असेल तर हिरव्यात आणखी भर. अशा खोलीत पिवळ्याकडे झुकणारा वॉर्म ग्रे शेवाळी दिसू लागतो. तिथे लालसर झाक असलेला बरा.

खिडकीच्या दिशेबद्दल एक नियम सगळीकडे सांगितला जातो: उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड येतो, म्हणून तिथे वॉर्म रंग लावा. हा नियम युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी ठीक आहे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथला सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि जूनमध्ये तो पूर्वेच्या तब्बल २५ अंश उत्तरेला उगवतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं, पिवळं ऊन येतं. दक्षिणेची खोली उलटी वागते. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. छज्जा आड येत नसेल तर खिडकीची वरची कड जितकी उंच, जवळपास तितकं ऊन खोलीत आत येतं. मे महिन्यात त्याच खिडकीत दुपारी थेट ऊन शिरतच नाही.

आपण घराला रंग देतो कधी? दिवाळीआधी. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, दक्षिणेचा हॉल उबदार उजेडाने भरलेला असतो आणि कोणताही राखाडी गोड दिसतो. पुढे उन्हाळा लागतो. खिडकीत कूलर बसतो, उरलेल्या खिडक्यांवर जाड पडदे येतात आणि पारा ४५च्या आसपास असताना भर दुपारी घरात ट्यूबलाइट लागते. वर्षातले जवळपास तीन महिने नागपूरची भिंत उन्हात नव्हे, दिव्यात दिसते. म्हणून माझ्या मते इथे खिडकीच्या दिशेइतकंच दिव्याकडे पाहावं.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे ढगाळ दिवसासारखा पांढरा. आपल्याकडे ६५०० फार खपतो आणि त्यात वॉर्म ग्रेची सगळी ऊब निघून जाते. डोळा उजेडाशी जुळवून घेतो हे खरं, पण पुरतं नाही. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरचं फॉस्फर त्यातल्या काही प्रकाशाचा पिवळा करतं. स्वस्त दिव्यांत गडद लाल भाग कमी पडतो. नेमका त्याच भागावर राखाडीतला लाल ऑक्साइड जगत असतो. हॉलसाठी ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा, ४००० केल्विनच्या आसपासचा दिवा घेतला तर रात्रीची आणि दिवसाची भिंत एकमेकींना ओळखतील.

एका कंपनीची छटा दुसऱ्या कंपनीच्या डब्यात "सेम टू सेम" करून घेण्याचा मोहही टाळावा. रंगद्रव्यं वेगळी असली तर दोन राखाडी दिवसा तंतोतंत जुळतात आणि एलईडीखाली फुटतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. टचअप केलेला ठिगळ रात्रीच का दिसतो, त्याचं हे एक उत्तर.

नमुना कसा पाहायचा, यातही एक खोच आहे. १८२४ साली मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. काळी लोकर निस्तेज दिसते, अशी तिथे तक्रार होती. रंग तपासल्यावर तो चांगलाच निघाला. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. जुन्या पिवळ्या भिंतीवर वीतभर राखाडी फासून पाहणारा याच सापळ्यात पडतो, कारण पिवळ्याशेजारी राखाडी निळा भासतो. त्यापेक्षा मोठ्या पुठ्ठ्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारा, भोवती पांढऱ्या कागदाची रुंद पट्टी लावा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून पाहा. पूर्ण वाळल्याशिवाय मत देऊ नका. ओल्या इमल्शनमधले दुधाळ थेंब वाळताना पारदर्शक होतात आणि रंग थोडा गडद होतो. चुना वाळला की उजळतो. घरातले जाणते "वाळल्यावर फिका होईल" म्हणतात ते त्या अनुभवावरून.

छटा किती गडद घ्यायची, हे डोळ्यावर सोडलं तर फसगत होते. पांढरा आणि काळा यांच्या बरोबर मध्ये वाटणारा राखाडी प्रत्यक्षात जेमतेम १८ टक्के प्रकाश परतवतो. ही टक्केवारी कंपन्या एलआरव्ही म्हणून देतात. पडदे ओढून राहणाऱ्या घरात ती ६०च्या खाली जाऊ देऊ नये. नाहीतर दुपारी एक दिवा जास्त लावावा लागेल. "ग्रेने घर तापेल का?" हा प्रश्न आतल्या भिंतींपुरता सोडून द्या. ऊन झेलते ती गच्ची. पांढरा रंग तिथे लावा, खोलीत हवा तो राखाडी ठेवा.