राजीनामा 'घडवून' आणण्याचं शास्त्र

2006 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्स टेलिकॉमचे प्रमुख दिदिये लोम्बार यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना सांगितलं, की पुढच्या वर्षी माणसं कमी होणारच, मग ती खिडकीतून जावोत की दारातून. कंपनीत तेव्हा सुमारे 1,20,000 माणसं होती. तीन वर्षांत त्यातली 22,000 कमी करायची आणि आणखी 10,000 जणांची कामं बदलायची, असा आराखडा ठरला होता. अडचण एवढीच, की ही कंपनी पूर्वी सरकारी खातं होती आणि बहुतेकांचा सरकारी नोकराचा दर्जा कायम होता. त्यांना काढता येत नव्हतं. मग त्यांनी आपणहून जावं, अशी तजवीज सुरू झाली.

ती कशी केली, हे पुढे खटल्यात उलगडलं. किती माणसं कमी केली, यावर व्यवस्थापकांच्या पगाराचा काही भाग ठरत होता. वर्षानुवर्षं खांबावर चढून लाइन दुरुस्त करणाऱ्याला कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून बसवलं. समोरच्या कागदावर लिहिलंय तेवढंच बोलायचं. कुणाची घरापासून लांब बदली झाली, तर कुणाला कामच दिलं नाही. सुमारे 4,000 व्यवस्थापकांना खास प्रशिक्षण मिळालं आणि त्यात 'शोकाचा आलेख' शिकवला गेला. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 मध्ये मरणासन्न रुग्णांशी बोलून नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा अवस्था मांडल्या होत्या. माणसं या पायऱ्या अशाच क्रमाने चढतात, याला भक्कम पुरावा नाही. पण व्यवस्थापकांच्या हाती हा आलेख आल्यावर खचलेला कर्मचारी 'ठरल्याप्रमाणे पुढे सरकतोय' असं मानायची सोय झाली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत भयंकर वाटतं ते हे. जी धोक्याची खूण, तिचीच प्रगती म्हणून नोंद.

न्यायालयाने 39 जणांची प्रकरणं तपासली. त्यातल्या 19 जणांनी आत्महत्या केली होती, 12 जणांनी तसा प्रयत्न केला होता आणि 8 जण नैराश्यात गेले होते.

यात अंगावर ओरडणं, शिव्या देणं फारसं नाही, हे लक्षात घ्या. काम काढून घेणं, बैठकीला न बोलावणं, मेलमधून नाव वगळणं, एवढ्यानेही माणूस का खचतो? मानसशास्त्रज्ञांकडे यासाठी एक साधा खेळ आहे, 'सायबरबॉल'. पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात, त्यातले एक तुम्ही. थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. बस, एवढंच. 2003 मध्ये नाओमी आयझनबर्गर आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून हा खेळ खेळायला लावला. वगळलं गेल्यावर मेंदूचा जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेतही सक्रिय होणारा. या भागाचं काम नेमकं काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, त्यामुळे 'अपमान म्हणजे मार लागणंच' असं म्हणायची घाई नको. पण दुसऱ्या एका प्रयोगात समोर माणसं नसून कॉम्प्युटर खेळतोय, हे आधी सांगूनही खेळणाऱ्यांना वाईट वाटलंच. चेंडू मिळाला नाही, एवढं पुरलं.

नोकरीशी याचा थेट संबंध 2014 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवला. त्रास देणं आणि दुर्लक्ष करणं यांची त्यांनी तुलना केली. त्रास देणं जास्त वाईट, असं बहुतेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीशी आणि तीन वर्षांनी ते नोकरीत टिकले का, याच्याशी जास्त घट्ट नातं निघालं ते दुर्लक्षाचं. शिवाय दुर्लक्षाची तक्रार तरी काय करणार? 'साहेब माझ्याशी बोलत नाहीत' असा अर्ज एचआरकडे कोण देईल?

आपल्याकडे सरकारी खात्यांत याला 'साइड पोस्टिंग' म्हणतात आणि त्यावर चेष्टाही होते. महाराष्ट्राच्या कायद्याने मात्र हा प्रकार फार पूर्वी ओळखला होता. 1971 च्या कामगार संघटना व अनुचित कामगार प्रथा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली ही अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. पण हे संरक्षण कामगारांपुरतं; व्यवस्थापकीय पदावरचा माणूस त्याच्या बाहेर राहतो. आयटीतल्या मुलांना तर बदलीचीही गरज पडत नाही. 'आज राजीनामा टाक, नाहीतर रिलिव्हिंग लेटर विसर' एवढं पुरतं, कारण पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे जुन्या नोकरीची पडताळणी, डोळ्यांपुढे असतं आणि तिथे नोकरीतून रीतसर मुक्त केल्याचं हे पत्र लागतं. हिशेब सरळ आहे. कामगाराला कपातीत काढलं, तर नोटीस द्यावी लागते आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून मोजावा लागतो. राजीनामा फुकटात पडतो.

मग हे रोखायचं कसं? ध्यानधारणेची शिबिरं आणि 'स्ट्रेस मॅनेजमेंट'ची सत्रं मला इथे जवळजवळ निरुपयोगी वाटतात, कारण औषध एकाला आणि आजार दुसऱ्याला. अमेरिकेत जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी चार रुग्णालयांतल्या 467 परिचारिकांचा अभ्यास करून 2006 मध्ये प्रसिद्ध केला. दोन रुग्णालयांत पगाराची पद्धत बदलल्याने परिचारिकांचं उत्पन्न घटलं आणि त्यांची झोप उडाली. पण जिथे त्यांच्या वरिष्ठांना माणसांशी आदराने वागायला, निर्णयाची कारणं नीट सांगायला शिकवलं होतं, तिथे निद्रानाश कमी होता आणि सहा महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता. प्रशिक्षण परिचारिकांना नव्हे, त्यांच्या वरिष्ठांना दिलं होतं.

यावरून 'गोड बोलून पगार कापा' असा धडा घेणारेही निघतील. त्यांना अडवायचं तर नुसतं वागणं बघून भागत नाही, आकडेही बघावे लागतात. कंपनीभरातल्या राजीनाम्यांच्या सरासरीत काही दिसत नाही. एकेका व्यवस्थापकाखालून किती जण गेले, जाण्याआधी वर्षभरात कुणाचं काम किती वेळा बदललं, कोण महिनोन्‌महिने कामाविना बसून होतं, हे काढलं की चित्र स्वच्छ होतं. फ्रान्स टेलिकॉममध्ये कंपनीचे डॉक्टर आणि कामगार संघटना वेळीच इशारे देत होत्या. संघटनांनी तर 2007 मध्येच तणाव आणि सक्तीच्या बदल्यांवर नजर ठेवणारं स्वतंत्र मंडळ काढलं होतं. माहिती होती, पण ती ज्यांच्याकडे जायची त्यांनाच माणसं कमी हवी होती.

डिसेंबर 2019 मध्ये लोम्बार यांना एक वर्षाची कैद झाली, त्यातले आठ महिने स्थगित. कंपनीला कायद्यातला कमाल म्हणजे 75,000 युरो दंड झाला. 2022 मध्ये अपिलात सगळीच कैद स्थगित झाली, पण दोष कायम राहिला. आपण या कर्मचाऱ्यांना ओळखतही नव्हतो, मग छळ कसा, असा वरिष्ठांचा बचाव होता. 21 जानेवारी 2025 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कर्मचाऱ्यांची स्थिती बिघडवणारं धोरण जाणूनबुजून राबवलं, की गुन्हा ठरायला तेवढं पुरतं; आरोपीने पीडिताला कधी पाहिलेलं असण्याची गरज नाही.